चार, तीन, दोन, भोपळा

माझी येझदी नानांच्या गॅरेजात उभी राहून चौदा महिने झाले. काम फार नव्हतं. कार्बोरेटर साफ करायचा आणि मागचा ब्रेक आवळायचा. पहिलं काम नानांनी त्याच संध्याकाळी उरकलं. दुसऱ्याला त्यांची तत्त्वतः हरकत होती.

“सर, ब्रेक कशाले पाहिजे तुम्हाले?”

“थांबायला.”

“थांबून काय करनार?”

मी शाळेत गणित शिकवतो. मला सिद्धता मागायची सवय आहे, द्यायची नाही. त्यामुळे गप्प बसलो. नानांनी तो होकार समजून पान्हा खाली ठेवला आणि चहा सांगितला.

नानांसारखी माणसं आमच्या खानदेशात गावोगाव सापडतात. माणूस चारचौघांसारखा असतो, कामाधंद्याला लागलेला असतो, पोरीबाळींची लग्नं वेळेवर करतो, आणि एके दिवशी त्याला कसला तरी नाद लागतो. तो नाद पंचक्रोशीत दुसऱ्या कोणालाही नसावा, ही पहिली अट. एखाद्याला रशियन बुद्धिबळपटूंचे डाव तोंडपाठ असतात, पण समोर सोंगट्या मांडून बसायला गावात कोणी नसतं. एखादा सारंगखेड्याच्या घोडेबाजारात उभा राहून घोड्याच्या अंगावरचे भोवरे बघून त्याच्या मालकाचं भविष्य सांगतो, आणि स्वतः लुनावर बसून घरी जातो. असा माणूस त्या विषयाचा जिल्हा प्रतिनिधी असतो. नेमणूक कोणी केली, हे विचारायचं नाही. विचारलंत तर तो तुम्हालाच तालुका प्रतिनिधी नेमतो.

नाना हे स्पीडवेचे जळगाव जिल्हा प्रतिनिधी.

स्पीडवे म्हणजे काय ते मला ठाऊक नाही, हे मी एका रविवारी बोलून गेलो आणि तो रविवार हातचा गेला. नानांनी गॅरेजच्या फरशीवर जळक्या ऑइलमध्ये बोट बुडवून एक लंबगोल काढला. त्यावर चार बोल्ट ठेवले.

“हे चार गडी. मातीचं मैदान, चार फेऱ्या, एका मिनिटात खेळ खलास. पाचशे सीसीचं एका सिलिंडरचं इंजिन. वजन सत्त्याहत्तर किलोच्या खाली नको. तुमची येझदी जवळजवळ दुप्पट भरन. गियर एकच. पेट्रोल नाही, मिथेनॉल. आनि ब्रेक...”

इथे नाना थांबले. आयुष्यात ते आपण होऊन थांबतात अशी ही एकच जागा.

“ब्रेकच नाही! कंपनीच देत नाही!”

पुढे कळलं ते असं. या शर्यतीत वळायचं ते नेहमी डावीकडे. पण हँडल फिरवायचं उजवीकडे. मागचं चाक मातीत आडवं घसरू द्यायचं, डावा पाय जमिनीवर टेकून खेचत न्यायचा, आणि रेस कमी करायच्या ऐवजी वाढवायची. त्या डाव्या पायात पोलादी तळाचा बूट असतो. मनगटाला एक दोरी असते. गडी पडला की दोरी ओढली जाते आणि इंजिन बंद पडतं.

“आपल्या आकाशवाणी चौकात पोरं उजवा इंडिकेटर लावून डावीकडे वळता,” नाना म्हणाले, “तर तुम्ही नावं ठेवता. तिकडे त्याले वर्ल्ड चॅम्पियन म्हनता.”

नानांच्या बायकोची, म्हणजे काकूंची, हरकत वेगळीच आहे. डावीकडे वळत वळत गोल फिरायचं म्हणजे मधली जागा कायम डाव्या हाताला येते. “ही उलटी प्रदक्षिणा झाली,” त्या म्हणतात. “उलट्या प्रदक्षिणा घालून कोनाचं भलं झालंय का?” यावर नानांकडे उत्तर नाही, म्हणून ते इतिहास सांगतात. १९२३ साली ऑस्ट्रेलियातल्या वेस्ट मेटलंड गावी शेतकी प्रदर्शनाच्या मैदानावर जॉनी हॉस्किन्स नावाच्या गृहस्थाने मोटारसायकली गोल पळवल्या; १९२८च्या फेब्रुवारीत हे वेड लंडनजवळच्या हाय बीचला पोचलं. नाना हे अशा थाटात सांगतात, की हॉस्किन्सना मैदान मिळवून द्यायला तहसीलदाराकडे तेच गेले होते.

जळगावच्या माणसाला हे कसं लागलं, याचं मूळ घराण्यात आहे. नानांच्या वडिलांनी कापसाच्या पैशातून जावा घेतली होती. म्हैसूरला इराणी मंडळींनी ‘आयडियल जावा’चा कारखाना काढला आणि १९६१पासून तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या, १९७३नंतर त्यांचीच येझदी झाली, १९९६ला कारखाना बंद पडला. जावा-येझदी ज्याने चालवली त्याला सांगायला नको, तिची किक आणि गियर एकच. किक मारून झाली की तोच दांडा पुढे लवतो आणि गियर होतो. एका दांड्यात दोन कामं करणारी गाडी खानदेशी माणसाला न आवडली तरच नवल. नानांचं बालपण त्या पेट्रोलच्या टाकीवर बसून गेलं आणि गॅरेजही त्याच गाड्यांवर उभं राहिलं. आज तिथे माझी धरून चार आहेत. काकू म्हणतात, एका घरात दोन जावा नांदत नाहीत, यांनी चार आणून ठेवल्यात.

मग कधीतरी भाच्याने मोबाईलवर एक जुनी फीत दाखवली. चार गाड्या धुरळा उडवत आडव्या चालल्या होत्या, आणि पुढच्या गाडीच्या टाकीवर लिहिलं होतं ‘जावा’. नानांना आपल्या भाऊबंदांतला कोणी परमुलखात फौजदार झालेला दिसावा तसं झालं. त्या रात्री ते जेवले नाहीत. पुढच्या आठ दिवसांत त्यांनी शोध लावला की चेकोस्लोव्हाकियात दिवीशोव गावी एसो नावाचा कारखाना स्पीडवेच्याच गाड्या करायचा, एसो म्हणजे तिकडच्या भाषेत पत्त्यातला एक्का, आणि १९६४ला तो एक्का जावाच्या हातात आला. म्हणजे जावा ही नुसती दूधवाल्याची, डॉक्टरची आणि ग्रामसेवकाची गाडी नव्हती. “आपन हिच्यावर भाजी आनत होतो, सर,” नाना म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता.

नानांचं दैवत म्हणजे न्यूझीलंडचा आयव्हन मॉगर. सहा वेळा जगज्जेता, त्यातली १९६८, ६९ आणि ७० ही तीन लागोपाठ. तिसऱ्यांदा जिंकलास तर तुझी गाडी सोन्याने मढवू, असा शब्द दोघा अमेरिकनांनी त्याला दिला होता, आणि त्यांनी तो पाळला. ती सोनेरी गाडी क्राइस्टचर्चच्या संग्रहालयात आहे. ही गोष्ट जळगावात सांगण्यात एक धोका आहे, तो नानांच्या लक्षात आला नाही. ते सराफ बाजारात ओळखीच्या पेढीवर गेले आणि एक सबंध मोटारसायकल मढवायला किती तोळे लागतील, असं विचारून बसले. पेढीवरच्या म्हाताऱ्या शेठजींनी चष्मा वर केला.

“मढवायची म्हंजे मुलामा?”

“हो.”

“मुलामा?” शेठजींनी शेजारच्या गिऱ्हाइकाकडे असं पाहिलं, जणू नाना तिथे बनावट नोट घेऊन आले असावेत. “जळगावात येऊन मुलाम्याचं विचारता भो? चैनच करा ना साखळीची, बावनकशी. तिचं वजन तरी सांगता येईन.”

मिथेनॉलच्या दुकानातही असंच झालं. रसायनं विकणाऱ्याने नानांना नखशिखांत न्याहाळलं, कशाला पाहिजे विचारलं, नाना म्हणाले शर्यतीला, आणि त्याने हात जोडले. विषारी दारूची बातमी छापून आली की तिच्यात हाच शब्द असतो, हे दुकानदाराला माहीत होतं. नानांना माहीत नव्हतं, कारण ते पेपरात फक्त मागचं पान वाचतात.

पोलादी बुटाचं मात्र जमलं. चौकातल्या चप्पलवाल्याकडे नानांनी डावी चप्पल दिली आणि तळाला पत्रा ठोकायला सांगितलं. त्याने ठोकला आणि हात पुढे केला. “उजवी?” “उजवीचं काम नाही.” तेव्हापासून नाना टॉवर चौकातून चालले की एका पायाचा टाळ वाजतो, आणि रात्री डांबरी रस्त्यावर मधूनच ठिणगी पडते.

एवढ्यावर भागलं असतं. एकट्याचा नाद एकट्याला पुरतो. पण नानांना जोडीच्या शर्यतीचा शोध लागला.

वैयक्तिक स्पीडवेत ज्याचा तो असतो. जोडीच्या जागतिक अजिंक्यपदात मात्र एका देशाचे दोघं आणि दुसऱ्या देशाचे दोघं एका वेळी पळतात. हिची पहिली अधिकृत स्पर्धा १९७० साली स्वीडनमधल्या माल्मोला झाली, आणि ती न्यूझीलंडने जिंकली. मॉगर आणि त्याच्या जोडीला रॉनी मूर. पुढच्या वर्षी पोलंडने आपल्या रिबनिक गावात जिंकली. १९८५पासून १९९१पर्यंत सलग सात वर्षं डेन्मार्क. १९९३नंतर ही स्पर्धाच बंद झाली, आणि २०१८ला ‘स्पीडवे ऑफ नेशन्स’ या नावाने जोड्या पुन्हा जुंपल्या गेल्या. हा सगळा वंशवेल गॅरेजच्या भिंतीवर ‘कालनिर्णय’च्या मागच्या पानावर लिहिलेला आहे. त्याखाली उधारीची यादी आहे. घाईत वाचलं तर डेन्मार्ककडे तीनशे चाळीस रुपये बाकी निघतात.

“आता तुमच्या कामाचं गनित ऐका, सर,” नाना म्हणाले. “पहिल्याले चार गुन. दुसऱ्याले तीन. तिसऱ्याले दोन. चौथ्याले?”

“एक.”

“भोपळा!”

मी पेपर तपासत होतो, त्याच कागदाच्या कडेला मांडून पाहिलं. पहिला आणि चौथा मिळून चार. दुसरा आणि तिसरा मिळून पाच. म्हणजे शर्यत ज्याने जिंकली, त्याचीच जोडी हरते. मी पुन्हा मांडलं. पुन्हा तेच. पंचवीस वर्षं मी निकालपत्रकं भरतोय. शेवटच्या बाकावरच्या पोराचा भोपळा पहिल्या बाकावरच्या पोराच्या ताटात वाढायची युक्ती आजवर एकाही शिक्षणमंत्र्याला सुचलेली नाही. अंतिम फेरीत सात देश असतात आणि प्रत्येक जोडी प्रत्येकीशी पळते, म्हणजे एकवीस शर्यती. सातातून दोन निवडायच्या पद्धती एकवीस, हे फळ्यावर शिकवताना आता मला धुरळा दिसतो. हा नानांचा उपद्रव.

जोडीची शर्यत म्हटल्यावर जोडीदार आला. नानांनी धुळ्याच्या आबांना धरलं.

आबा देवपुरात राहतात. त्यांच्याकडे जुनी राजदूत आहे. तिच्या दोन्ही अंगांना दुधाचे कॅन अडकवायचे हूक अजून तसेच आहेत, आणि दूध बंद होऊन कितीतरी वर्षं झाली तरी आबा ती दूध हिंदकळणार नाही अशाच बेताने चालवतात. नाना आणि आबा यांच्यातला फरक मला विचाराल तर तो दोन शहरांतलाच फरक आहे. धुळ्यात गल्ल्यांना नंबर आहेत: चौथी गल्ली, पाचवी गल्ली, सगळ्या पट्टीने आखल्यासारख्या सरळ. जळगावात चौकांना नावं आहेत. धुळ्याचा माणूस सरळ जातो, हळू जातो आणि पोचतो. जळगावचा माणूस चौकाचौकात वळतो.

शिवाय आबा मुळात बैलवाले. उमेदीत त्यांची पांढरी जोडी शंकरपटात पळायची. मे २०१४ला सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या, आबांनी जोडी विकली, आणि अंगणातल्या रिकाम्या दावणीकडे बघत बसले. नाना त्यांना भेटले ते या रिकामपणात. जोडी म्हणजे काय, हे आबांना समजावून सांगावं लागलं नाही. उलट त्यांनीच नानांना सांगितलं: दोन बैलांत एक जोरात पळाला तर जू तिरकं होतं, आणि गाडी बांधावर चढते.

“पन मोटारसायकलींवर जू नाही ना, आबा.”

“तेच तर वाईट शे,” आबा म्हणाले.

दोघं भेटतात ते महामार्गावर, मध्यावर. हा मध्य कुठे, यावर अजून एकमत नाही. एरंडोल जळगावला जवळ, पारोळा धुळ्याला जवळ. दोघांनाही वाटतं की दुसऱ्याने जरा जास्त यावं. एकदा नाना पारोळ्याला आणि आबा एरंडोलला दोन-दोन तास बसून राहिले आणि एकमेकांना शिव्या देत घरी गेले. वाटेत कुठेतरी समोरासमोर आलेच असतील, पण रस्त्याचं चौपदरीकरण चाललं होतं आणि धुळीत कोणाला काही दिसलं नसावं.

जोडी कशी नांदते ते मी जुलै २०२४मध्ये डोळ्यांनी पाहिलं. मँचेस्टरला अंतिम सामना होता, आपल्याकडे मध्यरात्र. नानांनी कुठून तरी प्रक्षेपण जुळवलं होतं. मोबाईल टूलबॉक्सला टेकवलेला, दुसऱ्या मोबाईलवर धुळ्याहून आबा. दोघांनी एकाच वेळी पाहायचं असा बेत. पण आबांकडे चित्र अर्धा मिनिट मागे पोचत होतं, आणि शर्यत तर एका मिनिटाची. आबांकडे गाड्या दुसऱ्या फेरीत असायच्या तेव्हा इकडे नाना ओरडून मोकळे.

“गेला! गेला! आतून मारला!”

“कोन गया? माले तं अजून काहीच दिसत नही!”

“सांगतो ना, जिंकले!”

“सांगू नको रे भाऊ! मी पाही ऱ्हायनू ना!”

शेवटी ब्रिटनच्या रॉबर्ट लॅम्बर्ट आणि डॅन ब्यूली या जोडीने बाजी मारली. २०२१नंतर दुसऱ्यांदा, आणि तेव्हाही मँचेस्टरलाच. नानांनी इकडे शेव-मुरमुऱ्यांचा पुडा फोडला. आबांकडे तेव्हा झेंडा पडायचा होता. त्यांनी फोन ठेवून दिला. पाहण्यातसुद्धा नाना पुढे आणि आबा मागे, हे मी तेव्हाच लक्षात घ्यायला हवं होतं.

मग आला हिवाळा. हिवाळ्यात खानदेशात भरीत पार्टी ही काही करायची गोष्ट नसते, ती होते. एरंडोल आणि पारोळ्याच्या मधे नानांच्या व्याह्यांचं शेत आहे. कापूस निघून गेलेला, पऱ्हाटी उपटून तिचे ढीग लावलेले, जमीन वखरून मोकळी. एका कोपऱ्यात त्याच पऱ्हाटीच्या जाळावर हिरवी वांगी भाजायला टाकलेली, पलीकडे कळण्याच्या भाकरी, आणि बाकीच्या रानात नानांनी फक्कीने आखलेला लंबगोल. माणसं पन्नासेक जमली होती. नाना म्हणतात शर्यत बघायला. वांगी वीस किलो होती, यावरून काय ते समजा.

मी पंच. हातात शाळेची शिट्टी, पाटी आणि खडू. नाना-आबांच्या विरुद्ध नानांचा भाचा आणि त्याचा पॉलिटेक्निकचा मित्र, दोघांकडे पल्सर. नाना ज्या गाडीवर आले तिच्यावरून मडगार्ड, दिवा, सीटचा अर्धा भाग आणि अर्थात दोन्ही ब्रेक उतरवलेले होते. सगळ्यावर राखाडी रंगाचा हात मारलेला. आबांनी मनगटाला दोरी म्हणून बैलाच्या कासऱ्याचा तुकडा बांधला होता. स्पर्धेत सुरुवातीच्या रेषेवर आडव्या फिती असतात, त्या वर उडाल्या की सुटायचं. इथे आम्ही परकराची नाडी ताणून धरली. शिट्टीनंतर दोन मिनिटांत गाडी रेषेवर आली नाही तर गडी बाद, असा नियम. राजदूतला अकरा किक लागल्या. एक मिनिट बावन्न सेकंदांनी ती सुरू झाली, आणि सुरू झाली ती थेट नाडी घेऊनच पुढे गेली. नाडीला शिवला तो बाद. आबा गळ्यात नाडी घालून वीस पावलांवर उभे राहिले.

“माले वाटनं हार घाली ऱ्हायनात,” ते म्हणाले.

वयाचा मान राखून मी शर्यत पुन्हा सुटू दिली.

ते जे मिनिट होतं ते मात्र खरं होतं, हे सांगितलं पाहिजे. साठीचा माणूस, बनियन, डोक्याला गिऱ्हाइकाचं हेल्मेट, डाव्या पायात पत्र्याची चप्पल. पहिल्या वळणाला नानांनी हँडल उजवीकडे टाकलं, मागचं चाक सुटलं, काळ्या मातीचा एक पडदा उठला आणि त्या पडद्यातून गाडी आडवी, अगदी आडवी, वळणाबाहेर आली. वांगी उलटणाऱ्या बाया हातातली काडी तशीच धरून उभ्या राहिल्या. भाच्याने सरळीत गाठायचा प्रयत्न केला, पण वळणावर त्याचा हात आपोआप ब्रेककडे जायचा. नानांना ती सोय नव्हती. चार फेऱ्या झाल्या आणि नाना दोन गाड्यांच्या अंतराने पहिले आले. आले ते थांबले नाहीत. रेषेपलीकडे बांध होता, बांधापलीकडे तूर. तुरीत शंभरेक फूट एक गल्ली पडली आणि तिच्या टोकाला आवाज बंद झाला.

नाना केसांत शेंगा घेऊन परत आले, दोन्ही हात वर करून. पन्नास माणसांनी टाळ्या वाजवल्या. मी पाटी वर केली. पोरं पाच, नाना-आबा चार.

“हे काय?”

“दुसरा तीन, तिसरा दोन. पाच. तुमचे चार. आबांचा भोपळा.”

“पन मी पहिला आलो ना!”

“आलात.”

“मंग जिंकलो.”

“हरलात.”

हाच नियम त्यांनी मला बोल्ट मांडून शिकवला होता, कालनिर्णयवर लिहून ठेवला होता, गॅरेजात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवला होता. पण नियम सांगणं आणि नियमात सापडणं यांत फरक असतो. आबा अजून तिसऱ्या फेरीच्या शेवटाला होते. दूध न हिंदकळवता ते आले, उतरले, स्टँड लावला.

“तुले थांबता नाही आलं?” नाना त्यांच्यावर घसरले. म्हणजे पळता नाही आलं, असं म्हणायचं होतं. रागात तोंडून निघालं ते असं.

“मी कसाले थांबू? थांबाले तूच जोयजे,” आबा म्हणाले. “तू पहिला उना. मंग मी काय करू, पेढा वाटू?”

दुसऱ्या शर्यतीआधी जाळाभोवती खल झाला. नानांनी मॉगर आणि मूर यांचं उदाहरण दिलं: पुढच्याने रुंद वळण घेऊन मागून येणाऱ्यांना बाहेर दाबायचं, आत वाट ठेवायची, आणि त्या वाटेने आपल्या माणसाला काढून घ्यायचं. आबांनी मान हलवली. बैलांतही हुशार बैल जू सावरून धरतो, म्हणाले. सगळं ठरलं. मग नाना जरा बाजूला येऊन माझ्या कानाशी लागले.

“सर, पन याच्यासाठी मागे वळून पाह्यलं पाहिजे. थोडं हळू झालं पाहिजे. थोडं... थांबलं पाहिजे.”

“थांबून काय करणार?” मी म्हटलं.

चौदा महिन्यांनी माझी पाळी आली होती.

दुसऱ्या शर्यतीत नाना पहिल्या वळणातून पहिले निघाले आणि सरळीत त्यांनी मान वळवून मागे पाहिलं. आबा कुठे आहेत ते शोधायला त्यांना बराच वेळ मान वळलेली ठेवावी लागली. मग त्यांनी रेस सोडली. येझदी दोन स्ट्रोकची. ऑइल पाजून तापवलेल्या इंजिनाची रेस एकदम सोडली की ती प्लगमध्ये थुंकते. फट् झालं, फुस् झालं, आणि गाडी मेली. पोरं दोन्ही बाजूंनी निघून गेली. नाना मैदानाच्या मधोमध किकवर उभे राहून नाचत होते, तेव्हा मागून राजदूतची धकधक आली. आबांनी त्यांच्या जवळून जाताना एक पाय लोंबता ठेवून गाडी इतकी हळू केली की वाटलं थांबतात की काय.

“उनू हं,” म्हणाले, आणि गेले.

पोरं सात, नाना-आबा दोन. तिसरी शर्यत झाली नाही, कारण भरीत झालं.

गाडी तुरीच्या बाजूने बैठकीपर्यंत ढकलत आणताना मी मागून हात लावला. घामाने टाकीवरचा राखाडी रंग बोटाला लागला आणि त्याखालून स्टिकरचा एक कोपरा दिसला. मी रुमालाने पुसलं. आमच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं स्टिकर. तसं ते जळगावात आणखीही कोणाच्या गाडीवर असू शकतं. पण त्यावरचा नऊचा आकडा खिळ्याने ओरखडून कोणी शून्य केला होता. तो विद्यार्थी मला माहीत आहे, आणि गाडी कोणाची होती तेही.

“नाना.”

“सर, रागवू नका. कार्बोरेटर किती मस्त झालाय, पाह्यलं ना तुम्ही?”

जेवताना आबांनी सांगून टाकलं. बैलांच्या शर्यती डिसेंबर २०२१लाच पुन्हा सुरू झाल्या होत्या, २०२३ला घटनापीठानेही मान्य केल्या. त्यांनी मागच्या पोळ्याला दोन गोऱ्हे घेतले आहेत, एकाच उंचीचे. पुढच्या साली ते पटावर जाणार. राजदूतचं काय, नानांनी विचारलं. तिच्यावरून कडबा आणतो, आबा म्हणाले. भाकरीचा तुकडा मोडून त्यांनी नानांच्या ताटातल्या भरितावर कच्च्या तेलाची धार सोडली, नानांना आवडते तशी, आणि विषय संपवला.

नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. जाळ विझत आला होता. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी ओळखतो. फळ्याशी कोणाला बोलवावं असा विचार करत मी वर्गावर नजर फिरवतो तेव्हा माझंही तसंच होत असणार.

“सर, तुम्ही जोरात चालवत नाही ना कधी?”

“नाही.”

“मागे पाह्यची सवय आहे?”

“पंचवीस वर्षं. पाठ फिरवली की वर्ग काय करतो ते पाहायला.”

“गाडी तं तयारच आहे तुमची,” नाना म्हणाले. “मी दुसरी काढतो.”

सोमवारी शाळेत जाताना मी चौकात उतरलो आणि डावी चप्पल चप्पलवाल्यासमोर ठेवली. त्याने ती उलटी करून पाहिली, पेटीतून पत्रा काढला, उजवी मागितली नाही.

“तुम्ही बी का, सर?” एवढंच म्हणाला.